उलटी गुंडाळलेली माशी

डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीच्या काठी एकदा एक वृद्ध राहत असे. तो माशा बांधी. गळाभोवती कोंबड्याच्या मानेचे पीस आणि रेशमी दोरा गुंडाळून तो अशी खोटी माशी करी, की डोहातला मासा फसून तिच्यावर झेप घेई. गावचे लोक गमतीने म्हणत, “आम्ही रिकामपणी माशा मारतो, आणि आमचे तात्या माशा बांधतात!” तात्याही हसत.

त्यांच्याकडे गावातल्या दोन भावांतला थोरला शिकायला येई. तो पावसाळ्यात तापाने गेला. त्याने बांधलेली एकच माशी मागे उरली, त्याच्या टोपीला टोचलेली. धाकटा ती टोपी घेऊन तात्यांकडे आला आणि म्हणाला, “मला दादाची माशी बांधायला शिकवा. अगदी अशीच.”

तात्यांनी त्याला शिष्य करून घेतले. परंतु या शिष्याला धीर नव्हता. पीस कुजते, रेशीम विरते, म्हणून त्याने न कुजणाऱ्या वस्तू जमवल्या. राखीची चमकी, तुटक्या बाहुलीचे नायलॉनचे केस, फर्निचरचे व्हार्निश, नखांना लावायचे पॉलिश, दोन नळ्या मिसळून करायचा गोंद. दादाची माशी समोर ठेवून तो हुबेहूब तशी माशी बांधी. दिसायला ती सुरेख होई. पाण्यात मात्र काडीसारखी वाहत जाई, आणि मासे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत.

एके सकाळी दादाच्या माशीचे एक पीस गळून त्याच्या मांडीवर पडले. तो घाबरला. पुढचा-मागचा विचार न करता त्याने ती माशी व्हार्निशच्या डब्यात बुडवली, वाळवली आणि तात्यांपुढे धरली. चिंचोक्यासारखी चकाकत होती.

“तात्या, आता ही कधीच जुनी होणार नाही.”

तात्यांनी ती परातीतल्या पाण्यात सोडली. ती खड्यासारखी तळाला गेली. मग त्यांनी ती उचलली आणि थिनरच्या वाटीत टाकली.

शिष्याने त्यांचे मनगटच धरले. “काय करताय? तेवढीच राहिलीय माझ्याकडे!”

“म्हणूनच,” तात्या म्हणाले.

व्हार्निश सुटले. तात्यांनी सुईने दोऱ्याचे टोक शोधले आणि गाठ उकलली. शिष्य ताडकन उठून बाहेर गेला. नदीत दगड भिरकावत राहिला, हात दुखेपर्यंत. परत आला तेव्हा तात्या तसेच बसले होते.

“गाठ तेवढी मी सोडली. पुढचं तू उलगड. नको असेल तर आहे तशी घेऊन जा.”

 तो खाली बसला आणि चिमटीत दोरा धरला. एक वेढा निघाला, दुसरा अडला.

“तात्या, ही उलटी गुंडाळलीय!”

“तुझा दादा जेवायचा कुठल्या हातानं?”

“उजव्या. नाहीतर आई हातावर मारायची. बाकी सगळं डाव्यानं...” बोलता बोलता तो थांबला. डावरा भाऊ. पतंगाची दोरी, कुऱ्हाड, विडी, सगळे डाव्या हातात. हे त्याला जन्मापासून ठाऊक होते, आणि माशी बांधताना एकदाही सुचले नव्हते.

शेवटच्या वेढ्याखाली काळ्या, लांब केसांची जुडी निघाली. नायलॉनचे केस. त्याने ते उजेडात धरले आणि मोठ्याने हसला. “हे आईच्या वेणीतलं गंगावन! अर्धं कापून नेलं दादानं, आणि आईनं बडवलं मला!”

“त्यालाही तुझ्यासारखेच खेळ सुचायचे,” तात्या म्हणाले. “नायलॉनवर माझा राग नाही आणि व्हार्निशवरही नाही. पण व्हार्निश थेंबभर लावायचं, तेही फक्त गाठीला. पिसाला लावलंस की ते हलायचं थांबतं. तू दादाची माशी जपत होतास, पोरा. दादाचा हात आत राहिला होता. आता बांध.”

शिष्याने दादाचाच गळ, तेच पीस, तेच केस समोर घेतले आणि डाव्या हातात दोरा धरला. बोटे अडखळत होती, दात ओठात रुतले होते. हळूहळू मनगट तसे वळू लागले, जसे दादाचे वळताना त्याने ओसरीवर हजारदा पाहिले होते. माशी जरा वाकडीच झाली. गाठीवर त्याने काडीने एक थेंब ठेवला.

डोहात पडताच ती माशी थरथरली, एका अंगावर कलली, आणि जिवंत झाल्यासारखी पोहू लागली. पाणी फुटले. मोठा मासा होता. गळाची दोरी ताणली, आणि तुटली.

माशी गेली. तात्या शिष्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

त्याने तुटलेली दोरी गुंडाळून घेतली. मग नाक पुसून म्हणाला, “पिसासाठी कोंबडा शेजाऱ्यांकडे आहे. पण गंगावनासाठी आईचा मार खावा लागणार.”

“खा की. मागचा त्याच्या वाटचा खाल्लास. हा तुझा.”

संध्याकाळी त्याने घरी जाऊन आईला सगळे सांगितले. पावसाळ्यापासून त्या घरात कोणी हसले नव्हते. आईने आधी कपाळाला हात लावला, मग तोंडाला पदर लावून हसली, आणि उठून उरलेले गंगावन त्याच्या डाव्या हातात ठेवले.