आग्नेय कोपऱ्यातला भोंगा

"आता तुम्हीच सांगा अज्जा, आग लागू नये म्हणून धडपडतो मी, आणि यंत्राला पिशवी बांधतात भाडेकरू. चूक कुणाची?"

अज्जा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग विरूपाक्षापुढं सरकवली.

मिरजेबाहेर ओढ्याकाठी एक लहानसा मठ आहे. तिथले हे म्हातारे स्वामी. कर्नाटक हाकेच्या अंतरावर, म्हणून सगळा गाव त्यांना कानडीतच अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणतो.

विरूपाक्ष मगदूम त्यांचा जुना शिष्य. शिष्य चांगला होता. फक्त त्याला सगळं आधीच माहीत असायचं.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विरूपाक्षाच्या इमारतीत खाली भाड्याच्या खोल्या होत्या आणि वर तो एकटा राहायचा. खोल्यांमध्ये कुणी पेशंटचे नातेवाईक, कुणी नर्सिंगला शिकणाऱ्या मुली. माणसं यायची, पेशंट बरा झाला की जायची. मालकाला नावं लक्षात ठेवायचीही गरज पडत नसे.

गेल्या श्रावणात मधल्या खोलीत गादीवर ठेवलेला चार्जर तापला आणि गादी आतल्या आत धुमसू लागली. सगळे गाढ झोपेत होते. शेजारच्या खोलीतल्या एकाची दाढ ठणकत होती, म्हणून तो जागा होता. त्यानं बोंब ठोकली आणि माणसं बाहेर पडली.

एका दाढेवर सगळी इमारत तरली. तेव्हापासून विरूपाक्षाची झोप उडाली ती उडालीच. त्यानं मनाशी पक्कं केलं, आपल्या घरात कुणी झोपेत गुदमरून मरणार नाही. त्यासाठी वाटेल ते करू.

आणि त्यानं केलंही.

"कोल्हापूरची सगळी दुकानं पालथी घातली," तो सांगू लागला. "धूर आला की ओरडणारी यंत्रं. स्वस्तातली घेतली नाहीत. ज्यांची बॅटरी काढता येते ती तर नकोच म्हटलं. हे लोक ती काढून टीव्हीच्या रिमोटला घालतात. मी घेतली ती वर्षानुवर्षं चालतात. धुमसणारी आग लवकर ओळखतात. मध्ये बटण आहे, दाबलं की वाजून दाखवतं. प्रत्येक खोलीत एक."

"कुठं लावलंस?"

विरूपाक्ष या प्रश्नाचीच वाट बघत होता.

"आग्नेय कोपऱ्यात. अग्नीची दिशा. मोबाईलवर होकायंत्र लावून प्रत्येक खोलीची आग्नेय काढली. सगळीकडं नेमका स्वयंपाकाचा ओटा तिथंच येतो. आग लागली तर तिथंच लागणार ना? वरच्या कोपऱ्यात अगदी घट्ट बसवलंय."

अज्जांनी आणखी एक शेंग फोडली.

"तुम्ही फक्त एकदा चला. तुमचा शब्द कुणी मोडत नाही. जरा दम द्या त्यांना."

अज्जा उठले. उपरणं झटकलं. शेंगांची टरफलं तशीच राहिली.

पहिली खोली गंगव्वाची. विजापूरकडची बाई, मुलाचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून महिनाभर इथं मुक्कामाला. ओट्यावर कढई तापत होती. वर कोपऱ्यात यंत्राला औषधाच्या दुकानाची पिशवी बांधलेली.

"बघा!" विरूपाक्ष म्हणाला. "काय मावशी, हे काय आहे?"

"काय करू ओ मालक? मिरचीची फोडणी टाकली की हे बोंब मारतंय. पोरगं दचकून उठतंय, टाकं ताणत्यात त्याचं." गंगव्वानं अज्जांना वाकून नमस्कार केला. "रागावू नगा अज्जा."

अज्जांनी मान वर करून पिशवीकडं बघितलं.

"गाठ चांगली मारलीस," ते म्हणाले.

विरूपाक्षाला हे काही रुचलं नाही. दम द्यायला आणलेला माणूस गाठीचं कौतुक करतो म्हणजे काय?

"विरूपाक्षा, ही रात्री कुठं निजते?"

"कुठं म्हणजे? इथंच. खोलीत."

गंगव्वा पदर सावरत म्हणाली, "न्हाई ओ. खाट घातली, सलाईनची दांडी उभी केली, की आत जागा कुठं ऱ्हाते? मी दाराभायेर निजते. बोळात. त्याचं कण्हणं ऐकू येतंय तिथनं."

बोळ म्हणजे सगळ्या खोल्यांपुढची अरुंद वाट. रस्त्यावर जायला तेवढी एकच. भिंतीला विजेच्या मीटरची पेटी. तिच्या खाली गुंडाळलेली चटई उभी करून ठेवली होती.

अज्जांनी ती चटई उलगडली आणि सरळ तिच्यावर आडवे झाले.

"अज्जा! अहो, इथं कुठं..." विरूपाक्ष गडबडला. खोल्यांमधून चार डोकी बाहेर आली. ऐंशीच्या घरातला स्वामी मीटरच्या पेटीखाली उताणा पडून छत न्याहाळत होता. मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इथून तुझं यंत्र दिसत नाही," अज्जा खालूनच म्हणाले.

"ते आत आहे. इथं काय आहे आग लागण्यासारखं?"

अज्जांनी पेटीकडं बघितलं. मग तिच्याखाली पडलेल्या चटईच्या उशाकडं...

विरूपाक्षानं हात दिला आणि त्यांना उठवलं.

दुसऱ्या खोलीत नर्सिंगच्या तीन मुली होत्या. इथलं यंत्र उघडं होतं. विरूपाक्षाच्या जिवात जीव आला.

"बघा, या शिकलेल्या आहेत. पिशवी नाही."

"आम्ही स्वयंपाकच करत नाही काका, डबा लावलाय," शाहीन नावाची मुलगी म्हणाली.

"पोरी, तुम्ही कुठं झोपता?"

शाहीननं वर बोट केलं. खोली जुनी, छत उंच. अर्ध्या खोलीवर लाकडी माळा होता आणि माळ्यावर तीन गाद्या ओळीनं घातलेल्या. खाली अभ्यासाची टेबलं.

अज्जांनी शिडीकडं बघितलं, मग आपल्या गुडघ्यांकडं, मग शिष्याकडं.

"तू चढ."

विरूपाक्ष चढला.

"आडवा हो."

तो संकोचून आडवा झाला. उठताना डोकं छताला थाडकन लागलं. मुलींनी ओठ दाबून हसू आवरलं.

"धूर कुठं जातो रे?" अज्जांनी खालून विचारलं.

"वर."

"यंत्र कुठं आहे?"

विरूपाक्षानं माळ्यावरून खाली वाकून बघितलं. आग्नेय कोपरा माळ्याच्या खाली होता. होकायंत्र बिनचूक होतं. मुली माळ्याच्या वर होत्या.

शिडी उतरताना विरूपाक्षाचा चेहरा उतरला होता. पण हार मानणारा गडी तो नव्हे.

"एक-दोन ठिकाणी इकडंतिकडं झालं असेल. पण शास्त्र चुकलेलं नाही अज्जा. अग्नीची जागा ती अग्नीची जागा."

"बरं. तुझं कुठं आहे?"

"माझं?"

"वर तू राहतोस ना? तुझ्या घरी कुठं लावलंस?"

विरूपाक्ष जिन्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चला."

वरच्या घराचा ओटा स्वच्छ होता. आग्नेय कोपरा मोकळा होता. तिथं एक साधा खिळासुद्धा नव्हता.

अज्जा कुणी न सांगता आतल्या खोलीत गेले. पलंग भिंतीशी होता. पलंगाच्या बरोबर वर, छताला, पांढरंशुभ्र यंत्र बसवलेलं. बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ही आग्नेय का?"

"नाही..." विरूपाक्षाचा आवाज खाली गेला. "ही नैर्ऋत्य."

"मग इथं का?"

विरूपाक्षानं बोलायला तोंड उघडलं. शास्त्रातलं काहीतरी आठवतंय का, ते तो शोधत होता. काही सापडलं नाही.

"इथं... मी झोपतो."

अज्जांनी मान हलवली आणि ते पलंगाच्या कडेवर बसले. खालून गंगव्वाच्या फोडणीचा ठसका वर आला आणि दोघांनाही शिंक आली.

विरूपाक्षाला लाज वाटली. ते यंत्र लावताना त्यानं मोबाईल काढलाच नव्हता. एकदाही. दिवसभर खोल्याखोल्यांतून दिशा मोजत फिरलेला माणूस रात्री स्वतःच्या पलंगावर उभा राहिला होता आणि त्यानं हात जाईल तिथं भोक पाडलं होतं.

तो उठला. बाल्कनीतली शिडी खांद्यावर घेतली, ड्रिल घेतलं आणि खाली गेला.

दुपार उतरेपर्यंत तो राबत होता. पण या वेळी भिंतीला हात लावण्याआधी तो दारात उभा राहून विचारायचा, "तुमच्यात कोण कुठं झोपतं?" काही जण चमकले. मालकानं असलं काही याआधी विचारलं नव्हतं.

मुलींचं यंत्र माळ्याच्या वर गेलं, छताला. गंगव्वाच्या मुलाचं ओट्यापासून लांब, खाटेच्या बाजूला आलं. तिनं स्वतः पिशवी सोडली आणि घडी घालून ठेवली. मग तिनं मुद्दाम मिरची तडतडवून बघितली. सगळे श्वास रोखून वर बघत राहिले. यंत्र गप्प बसलं.

टोकाच्या खोलीत राचप्पा नावाचे म्हातारे, बायकोच्या डायलिसिससाठी आलेले. ते म्हणाले, "माझ्या वरती कुठंबी लावा. झोपताना मी कानातलं मशीन काढून ठेवतोय. मला काय ऐकू येत नाही. आणि ही गोळी घेऊन झोपतीया."

विरूपाक्ष शिडीवरच थांबला. हे कुठल्याही दुकानदारानं त्याला सांगितलं नव्हतं. तो खाली उतरला, शेजारी जाऊन शाहीनला म्हणाला, "भोंगा वाजला तर राचप्पांना तुम्ही उठवायचं. दार वाजवून नव्हे, आत जाऊन, हलवून. त्यांच्या कुलपाची एक किल्ली तुमच्याकडं राहील."

"चालेल काका," शाहीन म्हणाली.

सगळं झालं. उरला बोळ.

विरूपाक्ष बोळात उभा राहिला. चटई पुन्हा मीटरच्या पेटीखाली उभी होती. ती त्यानं उचलून पेटीपासून लांब, दाराच्या दुसऱ्या बाजूला नेली. मग वर बघितलं. छत मोकळं होतं आणि खोक्यात एकही यंत्र शिल्लक नव्हतं. खोल्या मोजून आणली होती. बोळात माणूस झोपतो हे मोजलं नव्हतं.

अज्जा बाहेरच्या कट्ट्यावर बसून सगळं बघत होते.

विरूपाक्ष जिना चढून वर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात ते पांढरंशुभ्र यंत्र होतं, आणि केसांत छताचा चुना.

त्यानं ते बोळात बसवलं. बटण दाबलं. अख्खा बोळ दणाणला, सगळी दारं एकदम उघडली आणि गंगव्वा कानावर हात ठेवून हसली.

"हे आतबी ऐकू येईल ओ मालक. पोरगं बरं होऊन गाढ झोपलं तरी उठंल."

विरूपाक्ष हात धुऊन अज्जांपाशी येऊन बसला. ऊन अजून होतं.

"तुझ्या खोलीत आता काय?" अज्जांनी विचारलं.

"उद्या आणीन दुसरं. घाई नाही." तो थकून, पण मोकळेपणानं बोलत होता. "श्रावणापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही अज्जा. रात्रभर छताकडं बघत पडलेला असतो. जो जागाच आहे, त्याला उठवायला यंत्र कशाला हवं?"

अज्जा काठी टेकून उठले. दोन पावलं गेले आणि थांबले.

"कोल्हापूरचं दुकान किती वाजता बंद होतं?"

"आठला. का?"

"आज झोप येईल तुला. आजच आण."