गोजरा सुईणीनं टाकला नाही तो वसा

ऐक सटवाई माते, तुझी कहाणी. एक होतं आटपाट नगर. तिथं गोजरा नावाची सुईण राहत असे. तिला सटवाईचा वसा होता. वसा कसला? अडलेलीनं बोलावलं तर नाही म्हणू नये, हाती आलेला जीव टाकू नये, उद्याच्या भयानं आजचं काम सोडू नये.

नगराच्या राजाला मूलबाळ नव्हतं. पुढं काय झालं? राणीला दिवस गेले. भरले महिने सरले, राणी बाळंत झाली, मुलगी झाली. गोजरेनं नाळ कापली, पोर न्हाऊ घातली, फडक्यात गुंडाळली. इतक्यात राजा दारात आला. मागं जोशी. जोशी म्हणाला, "राजा, घटका वाईट. ही जगली तर तुझं राज्य बुडेल." मग राजा म्हणाला, "गोजरे, पोर नदीत सोड."

गोजरेनं पोर उराशी धरली. "राजा, मी लेकरं वर काढते. बुडवत नाही."

"आणि उद्या माझं राज्य गेलं म्हणजे?"

"उद्याचं सटवाई जाणे. आज ही माझ्या हातात आहे."

राणीनं तिचा पदर धरला. "बाई, ने तिला," एवढंच म्हणाली. गोजरा पोर घेऊन निघाली. मागच्या दारानं नाही गेली, भर दिवसा वेशीतून गेली. शिपाई आडवे आले. त्यांतल्या कुणाकुणाची लेकरं तिच्याच हातची. त्यांनी माना खाली घातल्या, वाट दिली.

राजा संतापला. त्यानं दवंडी पिटवली. गोजरेला कुणी विस्तव देऊ नये, पाणी देऊ नये, दारात उभं करू नये. गोजरा गावाबाहेर सटवाईच्या देवळात जाऊन बसली. पोर भुकेनं रडू लागली. गोजरेनं देवीपुढं हात जोडले. देवी बोलली नाही. फूलही पडलं नाही. गोजरेला रडू आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, तू बोलू नकोस हवं तर. मी पोर टाकायची नाही."

तोच एक धनगरीण आली. कडेवर तिचं तान्हं. गोजरा म्हणाली, "बाई, दवंडी ऐकलीस ना? उद्या तुला दंड होईल."

"व्हायचा तेव्हा होईल. पोरीला भूक आत्ता लागलीय." असं म्हणून तिनं पोरीला पदराखाली घेतलं. मग कोष्टीण आली, मग माळीण आली. पोर वाढू लागली, रांगू लागली, पाऊल टाकू लागली.

इकडं राजानं धाकटी राणी केली. तीही गरोदर राहिली, आणि अडली. वैद्य थकले, परगावच्या सुइणी थकल्या. जोशी म्हणे, "मुहूर्त उत्तम आहे." राणी तर ओरडायचीही थांबली. मग राजा अनवाणी देवळाशी आला. "गोजरे, चल."

धनगरीण म्हणाली, "आधी पोरीला अभय माग, मगच ऊठ."

"अडलेल्या बाईच्या दारात अट घालू नये."

"अगं, काम झाल्यावर त्यानं तुमच्या दोघींचा जीव घेतला तर?"

"उद्याचं सटवाई जाणे," असं म्हणून गोजरेनं पोर कडेवर घेतली नि चालू लागली.

मूल आडवं होतं. गोजरेनं हाताला तेल लावलं, सटवाईचं नाव घेतलं, मूल फिरवलं. आई वाचली, मूल वाचलं. राजा म्हणाला, "माग, काय हवं ते."

"मागायला नाही आले. ही तुझी लेक, डोळे भरून बघ."

जोशी पुढं झाला. "राजा, राज्य बुडेल!" राजाचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "गोजरे, खरं सांग. बुडेल का?"

"मला काय ठाऊक? बुडेलही. पण लेकीला बुडवून राखलेलं राज्य तू कुठल्या तोंडानं केलं असतंस?"

राजानं जोशाला बाहेरची वाट दाखवली. थोरली राणी धावत आली. पोर आधी बिचकली, मग तिनं राणीच्या बांगड्या चाचपल्या, मग तिच्या गळ्यात पडली. राजानंही हात पुढं केले. पोर गेली नाही. राजा ते सोसून हात पसरून तसाच उभा राहिला.

जशी सटवाई माता गोजरेच्या हाताशी उभी राहिली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांच्या हाताशी उभी राहो. ही मोठ्या वशाची कहाणी थोड्या बोलांत सुफळ संपूर्ण.