भिंतीवरचा ससा

इचलकरंजीत हुपरीकर नावाचे दातांचे डॉक्टर होते. हात हलका, पण तोंड भारी. पोरांनी घाबरू नये म्हणून त्यांनी दवाखान्याच्या भिंतींवर ससे, हत्ती, मोर रंगवून घेतले होते. तरीही खुर्चीत पाठ टेकली की पोरं भोकाड पसरत, आणि डॉक्टर त्यांच्या आयांना झापत.

एकदा सात वर्षांची केतकी आली. दाढ किडलेली, गाल सुजलेला. खुर्ची मागे कलली आणि तिने ओठ घट्ट मिटले.

"लाडावून भित्री केलीत पोरगी!" डॉक्टर तिच्या आईवर कडाडले. बाहेर बसलेल्यांनीही ते ऐकलं. आईची मान खाली गेली. "इथे घाबरण्यासारखं काय आहे, दाखव गं. दाखवलंस तर तुझ्या आईची सगळ्यांसमोर माफी मागतो."

केतकी खाली उतरली. "मग तुम्ही झोपा, काका."

डॉक्टर हसत आडवे झाले. आई "अगं, अगं" म्हणेपर्यंत केतकीने मास्क चढवला, दिवा त्यांच्या तोंडावर ओढला आणि दात टोकरायची आकडी उचलून वाकली.

"भिंतीवरचा ससा दिसतोय?"

डॉक्टरांना दिसला तो डोळ्यांत घुसणारा दिवा, त्याखाली बिनतोंडाचे दोन डोळे आणि आकडीचं टोक.

"नाही," ते म्हणाले.

"आम्हालाही नाही दिसत. चित्रं तुम्ही उभ्याने बघता, काका. आम्ही इथे आडवे असतो. आता आ करा."

डॉक्टरांचे ओठ आपसूक घट्ट मिटले.

पुढे ससा छतावर गेला. पण त्या दिवशी माफी मागायला डॉक्टरांना तोंड उघडावंच लागलं.