आखाडा का सोडलास?

एकदा एका नामांकित मल्लाने लंगोट कायमचा खुंटीला टांगला आणि तो एका वृद्ध हाडवैद्याकडे शिकायला राहिला. त्या मल्लाचे नाव येसबा. वैद्यबुवा विद्येचे मोल घेत नसत; परंतु पोट ज्याचे त्याने भरावे, असा त्यांचा दंडक होता. पाठ दुपारी होत. म्हणून येसबा सकाळ-संध्याकाळचे काम शोधत पेठेत फिरू लागला.

प्रत्येक पेढीवर प्रश्न एकच येई. "एवढा नावाजलेला पैलवान तू. आखाडा का सोडलास?"

एका दुकानदाराला त्याने सांगितले, "खांदा दुखावला." तो म्हणाला, "मग माझी पोती कोण उचलणार?" दुसऱ्याला म्हणाला, "विद्येची ओढ लागली." तो हसला. "आज आखाडा सोडलास, उद्या मला सोडशील."

पुढच्या पेढीवर एक धनाढ्य व्यापारी बसला होता. थकलेल्या येसबाने त्याला खरे तेच सांगून टाकले. जत्रेच्या फडात बालमित्र सिदूशी त्याची कुस्ती लागली होती. सिदूची पाठ मातीला टेकली होती, कुस्ती संपली होती. तरी आरोळ्यांच्या भरात येसबाने त्याला पुन्हा उचलून आपटले. सिदूचा कणा मोडला. तो अजून बाजेवरून उठलेला नाही.

"म्हणून हाडं बसवायची विद्या शिकतोय," येसबा म्हणाला.

व्यापाऱ्याचे डोळे लकाकले. "कणा मोडलास? अरे, हे आधी नाही का सांगायचं! माझ्या गोदामाला असाच राखणदार हवा. ही गोष्ट चारचौघांत पसरली की कुंपणाकडे कुणी फिरकायचं नाही. दुपारी खुशाल जा शिकायला."

येसबा काम न घेता तसाच बुवांकडे परतला. "बुवा, खोटं सांगितलं तर हाकलून देतात, आणि खरं सांगितलं तर त्याचाच भाव करतात. मी सांगू तरी काय?"

वैद्यबुवांनी काठी उचलली आणि म्हणाले, "चल." येसबाला वाटले, बुवा एखाद्या ओळखीच्या पेढीवर शब्द टाकतील. पण ते वळले सिदूच्या गल्लीत. येसबा मागे पडू लागला. जत्रेनंतर त्या दाराशी तो एकदाही गेला नव्हता.

ओट्यालगत सिदूची आई एकटीच चणे-फुटाण्याच्या भट्टीत सरपण सारत होती. "बाई, हा काम शोधतोय," बुवा म्हणाले. "दुपारी माझ्याकडे शिकतो, एरवी मोकळा असतो." एवढे बोलून ते बाजूला जाऊन बसले.

म्हातारीने हातातले सरपण खाली ठेवले. मग तिनेही तेच विचारले. "आखाडा का सोडलास?"

येसबा भट्टीपुढे उकिडवा बसला. "सिदू हरला होता, मावशी. मला दिसलं होतं. तरी आपटला मी त्याला."

"तू शिकून तयार झालास, की उठेल तो?"

"नाही. बुवा सांगतात, आता इलाज नाही."

"मग शिकतोस कशाला?"

"आता दुसरं काही करवत नाही."

तिने झारा त्याच्यापुढे टाकला. "वाळू तापलीय, चणे टाक. आणि रोज सकाळी त्याला उचलून आंघोळ घालायची. माझ्याच्यानं होत नाही आता. मजुरी मिळेल. माफी मागू नकोस. ती या घरात नाही."

निघताना बुवा येसबाला हलकेच म्हणाले, "पेढीवरचा माणूस तुझं कारण आपल्या सोयीनं ऐकतो, म्हणून तिथं गेल्यावर आपणही कारणं रचू लागतो. ज्याचं वाटोळं झालं त्याच्या उंबऱ्यावर तुझ्याच्यानं जेवढं बोलवलं, तेवढंच तुझं कारण. पुढं कुणी विचारलं तर तेवढंच सांग. त्यानं काम मिळेलच असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसबाने बाजेशी वाकून सिदूच्या पाठीखाली हात घातले. इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेला सिदू प्रथमच बोलला.

"या खेपेस हळू," तो म्हणाला.

येसबाने त्याला उचलून मोरीत टेकवून बसवले. मग कढत पाण्याचा पहिला तांब्या त्याने स्वतःच्या हातावर ओतला, आणि पाणी सोसवेल इतके निवेपर्यंत तो खाली मान घालून थांबून राहिला.