मागच्या तारखेचा हुकूम

फार जुन्या काळी डोंगरांच्या कुशीत एक लहानसे राज्य होते. तिथल्या राजाचा आपल्या राणीवर फार जीव. त्यांना एक लहान मुलगी होती आणि राणीला पुन्हा दिवस गेले होते.

कळा सुरू झाल्या तेव्हा भिवरा सुईणीला बोलावणे गेले. निम्म्या राज्याची बाळंतपणे तिच्या हातून झाली होती. तिने नेहमीचा मुळीचा काढा दिला, आपल्याकडून काही कमी केले नाही. पण राणी गेली, बाळही गेले.

राजा राणीच्या दालनातून बाहेर येईना. जेवणाचे ताट तसेच परत जाई. कुणावर तरी राग काढल्याशिवाय त्याला श्वास घेववेना. शेवटी त्याने दवंडी पिटवली, "बाळंतिणीला मुळीचा काढा देणे गुन्हा आहे. देणाऱ्याला हद्दपार केले जाईल." आणि भिवराला दरबारात उभे केले.

वृद्ध न्यायाधीश हात जोडून म्हणाले, "महाराज, काढा वाईट असेल तर आजपासून बंद करा. पण हिने तो दिला त्या दिवशी असा कायदा नव्हता. हिने मोडले काय?"

"माझे घर मोडले," राजा म्हणाला.

भिवरा एवढेच बोलली, "आधी कुणी सांगितलं असतं, तर मी त्या काढ्याला हात लावला नसता."

शिपाई तिला सीमेपार सोडून आले. आता तरी मन हलके होईल, असे राजाला वाटले होते. ते झाले नाही.

बाकीच्या सुईणींनी आधी काढा सोडला, मग हळूहळू कामच सोडले. उद्या तेल चोळणेही गुन्हा ठरले तर? कुणी बोलवायला आले की त्या दार लावून घेत. लेकीसुनांनाही त्यांनी काही शिकवले नाही. गावोगावी बाया अडल्या, कितीतरी दगावल्या. राजाच्या कानावर ते येई, पण तो विषय बदलत असे.

वर्षे गेली. राजकन्या मोठी झाली, सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका सकाळी ती अडली. वाड्यातल्या दासींना काही सुचेना. राजा स्वतः पायी एका म्हाताऱ्या सुईणीच्या दारी गेला.

"आई, चला. माझी लेक अडली आहे," तो म्हणाला. "तो कायदा मी आत्ता रद्द करतो. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही."

म्हातारी खाली बघत म्हणाली, "महाराज, आज काय गुन्हा आहे ते मला ठाऊक आहे. पण मी आज करीन ते उद्या गुन्हा ठरणार नाही, हे कसं मानू? भिवराही तुमच्याच बोलावण्यावरून आली होती."

राजा तिच्या उंबऱ्यावर बसून रडू लागला. तेव्हा ती उठली. पण फार उशीर झाला होता. तिच्या हातांनी नात वाचली, लेक वाचली नाही.

या वेळी राजाने कुणाला दोष दिला नाही. सुतक फिटल्यावर तो भिवराला आणायला सीमेपार गेला. तिच्या शेजाऱ्यांनी त्याला ओढ्याकाठची जागा दाखवली. तिला तिथे अग्नी देऊनही बराच काळ लोटला होता.

तात्पर्य : जे करताना गुन्हा नव्हते, त्याची शिक्षा मागाहून देणाऱ्या राज्यात चांगले करायलाही कुणाचा हात पुढे होत नाही.