कुलूपबंद बाजार

वैशाख वद्य तृतीया, मंगळवार. ऊन असं की ओलं फडकं दोरीवर टाकावं आणि मागे वळेपर्यंत वाळून कडक व्हावं. त्या दिवशी दुपारी कोंडाबाई परटिणीला गाढवीसकट पकडून दरबारात उभं केलं.

बोरखिंड संस्थानात तापाची साथ होती. राजे चिमणसिंहांनी बाजारपेठेच्या वेशीला कुलूप ठोकलं, त्याला वीस दिवस झाले होते. धुण्याच्या गाढवांपुरता बाजूचा लहान दरवाजा तेवढा उघडा होता. तेल्याचा घाणा थांबला होता, मळ्यात वांगी सडत होती आणि गोरगरिबांच्या चुली विझायला आल्या होत्या. तरी मनाई म्हणजे मनाई!

"हिचा गुन्हा काय?" राजांनी विचारलं.

"सरकार, धुण्याच्या गाठोड्यातून माल पोचवते!" कोतवाल म्हणाला. "मळक्या कपड्यांना हात कोण लावणार, म्हणून आम्ही गाठोडी कधी सोडली नाहीत. आज हिची ही हरणी गाढवी वेशीत उभी राहून पाठीवरचं गाठोडं चाटायला लागली. सोडून बघतो तर आत गूळ!"

"हरणीचं तोंड मेलं गोडघाशी," कोंडाबाई पुटपुटली.

"गाढवी जप्त! बाई हद्दपार!" दिवाण गंगोबा ओरडले.

कोंडाबाईने राजांकडे पाहिलं. "सरकार, हद्दपार करा, पण आधी वैद्यबुवांना विचारा. मी ज्या चाळीस घरी माल दिला, तिथे ताप किती जणांना आला?"

वैद्य दाजीशास्त्रींनी ती घरं बाजूला जाऊन तिच्याकडून ऐकून घेतली आणि वही चाळली. दोनदा चाळली. "एकालाही नाही, महाराज."

राजांनी मिशी ओढली. "बाजार उघडला तर माणसं तापाने मरतील, असं वैद्य रोज सांगतात. नाही उघडला तर उपासाने मरतील, असं गाव सांगतं. माझं डोकं भणाणलंय! ऐक बाई, उद्या दिवस मावळायच्या आत बाजार भरवून दाखव. पण वेशीचं कुलूप निघता कामा नये आणि माणसाने माणसाला शिवता कामा नये. जमलं तर सुटलीस. नाही तर हद्दपार!"

"कुलूप उघडायला सांगितलंय कोणी? मला फक्त दवंडी आणि माझी हरणी द्या."

संध्याकाळी दवंडी फिरली. 'प्रत्येक घराने उजाडता उंबऱ्याबाहेर आपली खूण घातलेली पिशवी आणि पैसे ठेवावेत. जे हवं त्याचे दाणे पिशवीत टाकावेत. जितके दाणे, तितके शेर! तेल हवं त्याने तिळासोबत तांब्या ठेवावा, भाजी हवी त्याने देठ टाकावेत, मीठ संपलं असेल त्याने तितके चुलीतले कोळसे टाकावेत!'

सकाळी राजे, दिवाण, वैद्य आणि कोतवाल नदीच्या घाटासमोरच्या बुरुजावर जाऊन बसले. घाटावर परटांचे दगड होते. शेजारच्या धुण्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून ते पूर्वीपासून वीस-वीस हातांवर मांडलेले. आज तिथे रात्रीच गाढवांवरून आणलेला माल घेऊन एका दगडावर तेली बसला होता, दुसऱ्यावर वाणी, तिसऱ्यावर माळीण.

बारा परीट गाढवांवरून पिशव्या घेऊन आले. दाणे सुपात झटकायचे, मोजायचे, मग पिशवी, तांब्या आणि पैसे सगळं धुण्याच्या भट्टीत, खाराच्या उकळत्या पाण्यात. तिथून पिशवी दोरीवर. कडक उन्हात ती बघता बघता वाळे. मग परटाने ती दगडापुढे ठेवून दहा पावलं मागे सरायचं आणि दुकानदाराने भरायची.

"पण तीनशे घरांच्या पिशव्या एकसारख्या," दिवाण कुत्सितपणे म्हणाले. "चुकणारच!"

"दिवाणजी," खालून कोंडाबाई ओरडली, "गावाची धोतरं मी वीस वर्षं बिब्ब्याने खूण घालून वेगळी ठेवते. तुमचं धोतर कधी सावकाराच्या घरी गेलं का?"

राजांनी हसू दाबलं.

तेवढ्यात दिवाणांच्या वाड्यावरून नोकर धापा टाकत आला. "धनी, चला! दारात मोहरी येतेय! थांबतच नाही!"

"मोहरी? मी पिशवीत नमुन्याला मूठभर मोहरी टाकली होती—"

"मूठभर!" कोंडाबाईने कपाळाला हात लावला. "तरीच! मोजता मोजता दोन परीट दमले. जितके दाणे तितके शेर, दिवाणजी. घाटावरची सगळी मोहरी पाठवली, तरी बाकी राहिलीच आहे!"

आता मात्र राजे खदखदून हसले. दिवाण लालबुंद झाले. "महाराज, बाजार भरवला असेल, पण वीस दिवस मनाई मोडली त्याचं काय? शिक्षा झालीच पाहिजे!"

"द्या की," कोंडाबाई म्हणाली. "पण माल घेणाऱ्यांनाही द्या. कोतवालसाहेब, त्या बाजूच्या दोरीवर माझ्या जुन्या चाळीस घरांच्या पिशव्या आहेत. वेशीत गाठोडी मोजून सगळ्यांच्या खुणा तुम्हाला पाठ आहेत, लांबूनच वाचा."

कोतवाल वाचू लागला. "तीन ठिपके. हे वैद्यबुवा."

दाजीशास्त्री एकदम आकाशाकडे बघू लागले.

"त्रिशूळ. हे... मीच." कोतवालाने घसा खाकरला. "आणि ही चंद्रकोर."

तो चोरून राजांकडे बघू लागला.

"चंद्रकोर कुणाची?" राजांनी दरडावून विचारलं.

"तुमच्या मुदपाकखान्याची, सरकार," कोंडाबाई म्हणाली. "पेठेला कुलूप लागून वीस दिवस झाले. या वीस दिवसांत तुमची आमटी एकदा तरी अळणी लागली का?"

राजे असे हसले की पगडी घसरली आणि बुरुजावरची कबुतरं उडाली. "सोडा हिला! नाही तर हिच्यामागोमाग मलाही हद्दपार व्हावं लागेल!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि कोतवालाला म्हणाले, "हे तिला द्या. पण आधी भट्टीत टाका!"

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला साथ संपली आणि वेशीचं कुलूप निघालं. तोवर घाटावर पंचवीस बाजार भरले. त्यातून कोणाला ताप आला नाही, कोणाची चूल विझली नाही. कोंडाबाईला सोन्याचं कडं आणि घाटाची देखरेख मिळाली. हरणीला रोज सकाळी गुळाचा एक खडा मिळाला. दिवाणांकडे मोहरीची दोन पोती शिल्लक राहिली.