चौऱ्याऐंशी कुणाचे?

"घोडी भित्री आहे की नाही, एवढं एकच सांगा, उस्ताद. हो किंवा नाही."

दस्तगीर उस्ताद गुलछडीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन खुरातली माती खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नऊ वाजता तबेल्याच्या मालकांचा फोन येईल," इंद्रजित म्हणाला. "त्याआधी या कागदावर तुमची सही पाहिजे."

"कागदात काय लिवलंय?"

"गुलछडी भित्री आहे. शिकाऊ स्वारांच्या कामाची नाही."

"आणि मग?"

"मग मालक तिला इचलकरंजीच्या वरातवाल्याला देतील. मी कळवल्यावर त्यांनी तसं बोलणंही केलंय."

उस्तादांनी खूर खाली ठेवला.

"भित्री म्हणतोस, आणि बँडाम्होरं उभी करणार."

इंद्रजितने लगेच वही उघडली. शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं.

जोतिबाच्या डोंगराखाली तो तबेला. सात घोडे, एक कडुलिंब आणि दस्तगीर उस्ताद. चाळीस वर्षं त्यांनी तिथं लोकांना घोड्यावर बसायला शिकवलं. इंद्रजित दवाखान्यातली यंत्रं बनवणारा इंजिनिअर, राहणार कोल्हापूर, वय बत्तीस, आडनाव सरनोबत. आमच्या पूर्वजांनी घोडदळ चालवलंय, असं तो पहिल्याच दिवशी चारचौघांत बोलून गेला आणि तिथंच फसला.

कारण दीड महिन्यात गुलछडीने त्याला पाडलं. तिचंही फार चुकलं नव्हतं. वाऱ्याने एक पोतं उडालं, ती बाजूला सरकली, आणि सरनोबत होते तिथंच हवेत राहिले. खांद्याच्या हाडाला चीर गेली.

हाड जुळलं. इंद्रजित पुन्हा रोज यायला लागला. पण बसायची वेळ आली की काही ना काही काम निघायचं. आज खोगिराचा तंग सैल आहे, उद्या मीटिंग आहे. ते काम वाढत वाढत शेवटी त्याचं यंत्र झालं.

यंत्र म्हणजे, पळणारी माणसं छातीला बांधतात तो ठोके मोजायचा पट्टा. इंद्रजित स्वतः रोज सकाळी डोंगरावर पळायचा. त्याने स्वतःचा जुना पट्टा तसाच ठेवला आणि एक नवा आणून घोडीसाठी कापला. माणसाच्या छातीचा पट्टा घोड्याला कुठला पुरणार? तारा लांबवल्या. एक पट्टी डाव्या बाजूला खोगीर येतं तिथं, दुसरी पोटाखाली, पुढच्या पायाच्या मागं. केस मिठाच्या पाण्याने भिजवायचे, म्हणजे ठोका पकडतो. आकडा मनगटावरच्या घड्याळात दिसायचा. काम सुबक होतं. उस्तादांनी एकदा हातात घेऊन "टाके चांगले घातलेस" म्हटलं होतं, आणि ते सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत.

"आठ दिवसांचे आकडे आहेत," इंद्रजित म्हणाला. "घोडा नुसता उभा असेल तर मिनिटाला तीस ते चाळीस ठोके पडतात. हिचे चौऱ्याऐंशी. मी जवळ गेलो की शंभराच्या पुढं."

"तू जवळ गेलास की."

"मी, किंवा कुणीही."

"आणि कोण गेलतं?"

...

"मीच गेलो होतो," इंद्रजित म्हणाला.

उस्तादांनी हात पुसला. गुलछडीच्या जबड्याखाली दोन बोटं घातली, थोडी मागं सरकवली आणि थांबवली. घोडीने डोळे अर्धे मिटले.

"मिनिट लाव."

इंद्रजितने घड्याळात मिनिट लावलं. उस्तादांचे ओठ हलत होते. कडुलिंबावर कावळा ओरडत होता, बाकी सगळं शांत होतं.

"झालं."

"छत्तीस," उस्ताद म्हणाले. "तुझं घड्याळ काय म्हणतंय?"

"चौऱ्याऐंशी."

"घोडी एकच हाय न्हवं?"

"उस्ताद, रागावू नका. बोटांनी चूक होते. तुमचं वय बघता एखादा ठोका निसटणारच."

"एखादा निसटंल. अठ्ठेचाळीस निसटतील व्हय?"

इंद्रजितने मान खाली घातली आणि वहीत लिहिलं: हाताने छत्तीस, यंत्राने चौऱ्याऐंशी, फरक अठ्ठेचाळीस. मग त्याखाली फरकाची कारणं मांडायला घेतली. पहिलं कारण लिहिलं, परीक्षकाचं वय.

तो लिहीत होता तेवढ्यात उस्तादांनी गुलछडीच्या पोटाखालून पट्टा सोडला. तारांसकट गुंडाळला आणि भिंतीच्या खुंटीला अडकवला. घोडीच्या अंगावर आता गळ्यातल्या दोरीशिवाय काही नव्हतं.

"घड्याळ दे इकडं."

"वाचता येईल तुम्हाला?"

"आकडं तेवढं येतात."

इंद्रजितने वहीतून डोळे न काढता घड्याळ काढून दिलं. उस्ताद चार पावलं मागं जाऊन उभे राहिले.

"आता जा हिच्याजवळ. डावीकडनं. जिथनं बसत्यात तिथनं."

इंद्रजितने वही दगडावर ठेवली. गुलछडीच्या मानेकडे बघत तो दोन पावलं गेला.

"ब्याण्णव," उस्ताद म्हणाले.

आणखी एक पाऊल.

"एकशे तीन."

"बघा," इंद्रजित म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

"हात ठेव पाठीवर. बसायच्या आधी ठेवतोस तसा."

त्याने हात ठेवला. घोडीची कातडी एकदा थरथरली, माशी उठली, पुन्हा बसली.

"एकशे अठरा," उस्ताद म्हणाले.

"आता तरी पटलं का? नुसता हात लावला तर एवढी घाबर..."

बोलता बोलता त्याचा हात पाठीवरून खाली सरकला. जिथं पट्टी असायला हवी तिथं नुसतेच ओले केस होते. त्याने पोटाखाली वाकून पाहिलं. मग सरळ होऊन आजूबाजूला पाहिलं. मग त्याला खुंटी दिसली.

...

"उस्ताद, घड्याळ..."

"चालू हाय की. एकशे एकवीस."

इंद्रजितचा हात आपोआप स्वतःच्या शर्टावर गेला. आत पट्टा होता. पहाटे पळायला जाताना बांधलेला, रोजच्यासारखा काढायचा राहिलेला. घड्याळाची त्या पट्ट्याशी ओळख जुनी. जवळ असला की ते त्याचेच ठोके धरायचं, घोडीचे सोडून द्यायचं. आठ दिवसांत ही गोष्ट त्याच्या एकदाही लक्षात आली नव्हती.

त्याचे कान तापले. आता म्हातारा हसणार आणि उद्या डोंगराखालच्या सगळ्या चहाच्या टपऱ्यांवर हीच चर्चा होणार, असं त्याला वाटलं.

उस्ताद हसले नाहीत.

"यंत्र चुकलं," इंद्रजित म्हणाला.

"न्हाई. यंत्र बरोबर सांगत हुतं." उस्तादांनी दगडावरची वही उचलून त्याच्या हातात दिली. "वहीत नाव तेवढं चुकलंय."

गुलछडीने शेपटी हलवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हिचं न्हाईत, एवढं ठाऊक हुतं. मग कुणाचं तरी असणारच की."

इंद्रजितने वही मिटली.

"ते पोतं उडताना दिसतं, उस्ताद," तो म्हणाला. "हिच्या पाठीवर हात ठेवला की दिसतं. रोज दिसतं. घरी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, हाड जुळलं की झालं."

"व्हय," उस्ताद म्हणाले.

बरोबर नऊ वाजता मालकांचा फोन आला. इंद्रजितने कागदाकडे पाहिलं, उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद खोगीर आणायला आत गेले. तेही बरंच झालं.

"नाही, सही नाही घेतली," इंद्रजित फोनवर म्हणाला. "घ्यायची नाही. घोडीला काहीही झालेलं नाही. छत्तीस आहेत तिचे... हो, शंभराच्या वर होते, पण ते माझे होते. माझे... काय?"

डोंगराखाली रेंजची बोंब. पुढचं वाक्य त्याला मोठ्याने दोनदा सांगावं लागलं.

"मी घाबरतो. तिच्यावर बसायला मी घाबरतो. वरातवाल्याला नाही म्हणून कळवा."

पलीकडे मालक हसले का रागावले ते कळायच्या आत फोन कटला. मग मेसेज आला: ठीक आहे, राहू दे तिला. इंद्रजितने तो दोनदा वाचला आणि कागदाचे चार तुकडे करून खिशात घातले. त्याला हलकं वाटलं आणि थोडं रडूही आलं. ते त्याने तोंडावर पाणी मारून निभावून नेलं.

मग तो आपलं काम करायला लागला, कारण काम त्याला येत होतं. स्वतःचा पट्टा काढून खुंटीला टांगला. घड्याळातून त्याची जुनी ओळख पुसली आणि घोडीच्या पट्ट्याशी नव्याने जोडली. मिठाचं पाणी केसांच्या मुळापर्यंत चोळलं. पट्ट्या बसवल्या, त्यांवर उस्तादांनी खोगीर चढवलं आणि तंग आवळला.

घड्याळ थोडा वेळ गप्प राहिलं. मग आकडा उमटला.

"सदतीस," इंद्रजित म्हणाला.

उस्तादांनी जबड्याखाली बोटं घातली, मिनिटभर मोजलं. "छत्तीस."

"एकाचा फरक आहे, उस्ताद."

"आसू दे. माझं वय झालंय."

इंद्रजितला हसू आलं. गेल्या दीड-दोन महिन्यांत तबेल्यात तो पहिल्यांदा हसला.

"बस आता," उस्ताद म्हणाले.

"आज?"

उस्तादांनी घोडीची दोरी धरली आणि पलीकडे डोंगराकडे बघत उभे राहिले.

इंद्रजितने रिकिबीत पाय घातला. काढला. परत घातला. मग डोळे मिटून वर गेला आणि बसला. दोन्ही हातांनी त्याने आयाळ घट्ट धरली होती. लगाम तसाच मानेवर लोंबत होता.

"लगाम घे."

त्याने लगाम घेतला. घेताना मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढं आलं.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला.

गुलछडी उभी होती. तिने कान मागं वळवले.

"छप्पन्न... उस्ताद, चौसष्ट. माझा पट्टा खुंटीवर आहे. हे तिचेच आहेत."

"व्हय. तिचंच."

"वाढतायत."

"वाढणारच. वर कोण बसलंय?"

इंद्रजितच्या मांड्या ताठ झाल्या होत्या. श्वास वरच्या वर अडकला होता. घोडीने एक पाय उचलून आपटला.

"सत्तर," तो म्हणाला. "हिला त्रास होतोय, उस्ताद. उतरू का?"

उस्तादांनी घोडीची दोरी सोडून दिली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसले.

...

"तू नको," ते म्हणाले. "आकडा उतरू दे."